‘वर्त्म’ म्हणजे वाट की पापणी?

प्रश्न
मुद्रितशोधक, सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरात गेली २२ वर्षे मुद्रितशोधनाचे काम करतो. संस्थांचे अहवाल, स्मरणिका आणि अधूनमधून एखादे पुस्तक असे माझ्या टेबलावर येत असते. सध्या एका निवृत्त वैद्यांनी लिहिलेली, डोळ्यांच्या आजारांवरील ९६ पानांची पुस्तिका तपासण्यासाठी आली आहे आणि तिच्यामुळे माझी चांगलीच फजिती झाली आहे.

पुस्तिकेच्या दुसऱ्या प्रकरणात ‘वर्त्मात होणारे रोग २१ आहेत’ असे वाक्य होते. ‘वर्त्म’ हा शब्द मला केवळ गीतेमुळे माहीत होता. ‘मम वर्त्मानुवर्तन्ते मनुष्याः पार्थ सर्वशः’ हा चरण तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही अध्यायांत जसाच्या तसा येतो आणि तेथे वर्त्म म्हणजे मार्ग, याबद्दल कोणाचे दुमत नाही. मार्गाला रोग कसे होतील, असा विचार करून मी तो अक्षरजुळणीतील दोष मानला आणि ‘वर्त्म’ खोडून ‘चर्म’ केले. दोन पानांनंतर ‘पक्ष्ममंडल’ आले, तेव्हा त्यातील ‘म’ अधिकचा आहे असे वाटून मी तो काढून टाकला. परिणामी डोळ्याच्या रचनेचे वर्णन करणाऱ्या परिच्छेदात एक राजकीय वाटावे असे ‘पक्षमंडल’ अवतरले. वैद्यांनी मुद्रिते परत पाठवताना समासात एवढेच लिहिले होते : ‘वर्त्म म्हणजे पापणी. पक्ष्म म्हणजेही पापणीच, पण केसांची. दोन्ही शब्द कृपया पूर्ववत करावेत.’

शब्द पूर्ववत केले आहेत, परंतु मनातील शंका गेलेली नाही. ज्या शब्दाचा अर्थ वाट असा आहे, तोच शब्द डोळ्याच्या झाकणाला कसा आणि का लागला? दुसरी अडचण अधिक व्यावहारिक आहे. पुस्तिकेच्या शेवटी जो शब्दार्थ द्यायचा आहे, त्यात वर्त्मापुढे ‘पापणी’ आणि पक्ष्मापुढेही ‘पापणी’ असे छापले, तर वाचक आम्हांलाच नावे ठेवील. मराठीत या दोन अवयवांना वेगवेगळे शब्द नाहीतच काय? आमच्या छापखान्यातील एक ज्येष्ठ सहकारी तर असे सांगतात की, पाप दिसू नये म्हणून जी मिटते ती पापणी. ही व्युत्पत्ती मला ऐकायला गोड वाटते, पण पटत नाही.

उत्तर
शालाक्यतंत्राचे अध्यापक

आपण चूक केली हे खरे असले, तरी ती सुसंस्कृत माणसाची चूक आहे. आमच्या महाविद्यालयात प्रथमच शालाक्यतंत्र, म्हणजे आयुर्वेदातील डोळे, कान, नाक यांच्या रोगांची शाखा, शिकणारे विद्यार्थीही ‘वर्त्मगत रोग’ या शब्दांशी अडखळतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांना तर गीतेतील चरणही आठवत नाही.

या दोन्ही अर्थांची नोंद अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने एकाच चरणात केलेली आहे. नानार्थवर्गात ‘तिथिभेदे क्षणे पर्व वर्त्म नेत्रच्छदेऽध्वनि’ असा पाठ आहे. ‘पर्व’ हा शब्द विशिष्ट तिथी आणि क्षण या अर्थांनी, तर ‘वर्त्म’ हा शब्द नेत्रच्छद, म्हणजे डोळ्याचे आच्छादन, आणि अध्वा, म्हणजे मार्ग, या अर्थांनी वापरतात, असे तो सांगतो. म्हणजे वैद्यांचा अर्थ हा काही केवळ वैद्यांचा खासगी शब्दप्रयोग नव्हे. कोशकाराने तो सर्वांसाठी नोंदवलेला आहे.

आता ‘का’ या प्रश्नाकडे वळू. वर्त्मन् हा शब्द ‘वृत्’ या धातूपासून झाला आहे, आणि वळणे, फिरणे, गोल जाणे हा त्या धातूचा मूळचा अर्थ आहे. चाक फिरत गेल्यावर जमिनीवर जी चाकोरी उमटते ती वर्त्म, आणि त्या चाकोरीवरूनच पुढे वाट. मराठीतील ‘वाट’ हा शब्द याच वर्त्माचा प्राकृतातून उतरलेला वंशज आहे. वर्तुळ आणि त्यापासून झालेले वाटोळे, तसेच हातावर वळून केलेली समईची वात, म्हणजे संस्कृतातील वर्ति, ही सर्व त्याच धातूची लेकरे आहेत. डोळ्याच्या बाबतीत हाच शब्द बुबुळाला आणि पांढऱ्या भागाला वेढून फिरणाऱ्या कडेला लावला गेला. तेव्हा वाटेवरून पापणीकडे किंवा पापणीवरून वाटेकडे जाण्याची गरज नाही. ‘वळत जाणारे’ या एका अर्थाचे ते दोन फाटे आहेत.

पापणीला आधी ‘कड’ या नात्याने पाहिले गेले असावे, या माझ्या समजुतीला छांदोग्य उपनिषदातील एक स्थळ बळ देते. चौथ्या अध्यायात सत्यकाम जाबाल आपल्या उपकोसल नावाच्या शिष्याला डोळ्यात दिसणाऱ्या पुरुषाविषयी सांगताना म्हणतो की, डोळ्यात तूप किंवा पाणी ओतले, तरी ते ‘वर्त्मनी एव गच्छति’, म्हणजे दोन्ही वर्त्मांकडेच जाते. येथे वर्त्मनी हे द्विवचन आहे, एक वरचे आणि एक खालचे. डोळ्यात औषधाचा थेंब घातल्यावर तो कडेने ओघळतो, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. आपण मराठीत ‘डोळ्यांच्या कडा पाणावल्या’ असे म्हणतो, तेव्हा नेमकी तीच जागा दाखवत असतो. ‘कडा’ हा ‘वर्त्मनी’चा मी पाहिलेला सर्वांत जवळचा मराठी अनुवाद आहे, आणि तो कोणाही अनुवादकाने मुद्दाम केलेला नाही.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याची पाच मंडले सांगितली आहेत : पक्ष्म, वर्त्म, श्वेत, कृष्ण आणि दृष्टी. हा क्रम बाहेरून आत जाणारा आहे. सर्वांत बाहेर केसांची ओळ, मग पाते, मग पांढरा भाग, मग काळा भाग आणि मध्यभागी दृष्टी. मंडल म्हणजे वर्तुळ, हे लक्षात घेतले की वर्त्म या शब्दातील ‘वृत्’ सार्थ वाटू लागतो. दोन मंडले जेथे भेटतात, त्या संधींनाही त्यांच्या जोडनावांनीच ओळखतात, म्हणून केस जेथे उगवतात ती जागा पक्ष्मवर्त्मगत संधी होते. डोळ्याचे सहा पटल, म्हणजे थर, सांगितले आहेत आणि त्यांपैकी दोन वर्त्मात आहेत. सुश्रुताने सांगितलेल्या एकूण ७६ नेत्ररोगांपैकी वर्त्माचे २१ आहेत. आयुर्वेदाचा दुसरा ग्रंथकार वाग्भट याने एकूण ९४ रोग सांगितले असून त्यांत वर्त्माचे २४ आहेत. आपल्या पुस्तिकेत २१ हा आकडा आहे, त्यावरून लेखक सुश्रुताला अनुसरत आहेत हे कळते. पुढे कोठे २४ आढळल्यास कृपया तो आकडा खोडू नये, आधी त्यांना विचारावे.

पक्ष्म मात्र निश्चितपणे केसच. शांकरभाष्यात छांदोग्यातील ‘वर्त्मनी’चा अर्थ सांगताना ‘पक्ष्म’ हाच शब्द वापरलेला आहे, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. तत्त्वज्ञाला तेथे पाणी चिकटत नाही एवढेच सांगायचे होते. त्याला शस्त्रकर्म करायचे नव्हते. वैद्याला एवढे सैल राहून चालत नाही.

उत्तर
पूर्वभागातून

अध्यापक महोदयांनी अमरकोशाचा उल्लेख केला, म्हणून त्याच कोशातील शेजारची ओळ येथे देतो, कारण ती आमच्या धंद्याची आहे. ‘पक्ष्माक्षिलोम्नि किञ्जल्के तन्त्वाद्यंशेऽप्यणीयसि’ : पक्ष्म म्हणजे डोळ्याचा केस, फुलातील केसर आणि धाग्यासारख्या वस्तूचा अगदी बारीक अंश. माझ्या दोन पिढ्या यंत्रमागावर गेल्या आहेत. चादरीच्या सुताचा धागा उजेडासमोर धरला की त्याच्या अंगावर जे बारीक तंतू उभे राहिलेले दिसतात, त्यांना संस्कृतात पापणीच्या केसाचे नाव आहे, हे मला संस्कृत शिकवणाऱ्या गुरुजींनी सांगितले तेव्हा मी माग बंद करून ते पाहिले होते. फारसीत लोकरीला ‘पश्म’ म्हणतात आणि भाषेचे अभ्यासक तो शब्द पक्ष्माच्याच कुळातला मानतात. तेव्हा पश्मिन्याची शाल आणि आपल्या डोळ्यांचे केस हे एकमेकांचे दूरचे नातलग ठरतात. सोलापुरी चादर सुती असल्यामुळे ती या सोयरिकीत बसत नाही, एवढीच खंत.

आमच्या घरी तेलुगू बोलतात, शेजारी कन्नड आणि शाळा मराठी, असे आमच्या भागातील अनेकांचे असते. तेलुगूत डोळ्याच्या पात्याला ‘रेप्प’ किंवा ‘कनुरेप्प’ म्हणतात, कन्नडात ‘रेप्पे’. कन्नडात याशिवाय ‘एवे’ हा जुना शब्दही आहे. क्षणार्धात या अर्थी तेलुगूत ‘रेप्पपाटु’ असा शब्द आहे. पाते पडायला जेवढा वेळ लागतो तेवढा. लेकराला जपण्याविषयी बोलताना आई ‘कंटिकि रेप्पला’ असे म्हणते, म्हणजे डोळ्याला पाते जसे जपते तसे. मराठीत आपण तळहातावरच्या फोडासारखे जपतो. तेलुगूत जपण्याचे काम पात्याकडे आहे.

आपल्या प्रश्नाशी संबंधित मुद्दा असा की, तेलुगूत डोळ्याच्या केसांना ‘रेप्प वेंट्रुकलु’, म्हणजे पात्याचे केस, असे म्हणून वेळ भागवतात. मूळ शब्द झाकणाचा, आणि केस त्याच्या मालकीचे. आपल्याकडेही गळालेला केस मुठीवर ठेवून फुंकर मारताना मुले ‘पापणीचा केस’ असेच म्हणतात.

उत्तर
निवृत्त मराठी शिक्षिका, जुळे सोलापूर

‘पापणी’ आणि ‘पाप’ यांचा संबंध आपल्या सहकाऱ्यांनी कितीही गोड करून सांगितला, तरी तो मानू नये. गुजरातीत याच अर्थाचा ‘पांपण’ हा शब्द आहे आणि त्यात पहिल्या अक्षरावर अनुस्वार आहे. पाप या शब्दातून तो अनुस्वार येण्याचे काही कारण नाही. संस्कृत पक्ष्माचे प्राकृतात ‘पम्ह’ होते, असा नियम हेमचंद्राने आपल्या व्याकरणात स्पष्ट दिला आहे आणि त्याच सूत्राने ग्रीष्माचा ‘गिम्ह’ होतो. तेव्हा पापणी ही पक्ष्माच्या कुळातली, पापाच्या नव्हे. पाप दिसू नये म्हणून डोळे मिटणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, परंतु त्यांच्यामुळे शब्द तयार होत नाहीत.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपण स्वतः रोज बोलत असाल. ‘पाते लवते न लवते तोच’ हा वाक्प्रचार कोणाला माहीत नाही? डोळ्याचे झाकण म्हणजे पाते. संस्कृत पत्रापासून आलेले हे पाते गवताचे असते, चाकूचे असते, आणि मंगळवेढ्याच्या बाजूला ज्वारी हिरवी असताना रानभर वाऱ्यावर लवत असते. पातळ, चपटे, एका बाजूने जोडलेले आणि दुसऱ्या बाजूने मोकळे, असे जे जे काही, ते मराठीत पाते होते. डोळ्याच्या झाकणाचे याहून नेमके वर्णन मला सुचत नाही. तेव्हा पाते म्हणजे वर्त्म आणि पापणी म्हणजे पक्ष्म, अशी वाटणी करावी. ‘लांबसडक पापण्या’ असे आपण केसांनाच उद्देशून म्हणतो, कातडीला नव्हे.

‘झापड’ हाही शब्द मनात आला होता, परंतु डोळ्यांवर येणारी झापड ही अवस्था आहे, आणि झापडे बांधतात ती घोड्याला. तो शब्द पुस्तिकेत घेऊ नये.

उत्तर
नेत्रविभागातील तंत्रज्ञ

बाईंचा मी विद्यार्थी नसलो, तरी त्यांच्याशी मतभेद नोंदवताना मला संकोच वाटतो. मी १७ वर्षे डोळ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात काम करत आहे. या काळात ‘पापणी सुजली’, ‘पापणी जड झाली’, ‘पापणीवर रांजणवाडी आली’ असे मी हजारो वेळा ऐकले आहे, परंतु ‘माझे पाते सुजले’ असे एकाही रुग्णाने म्हटलेले मला आठवत नाही. ‘पाते’ हा शब्द ‘लवते न लवते’ या वाक्प्रचारात जिवंत आहे. त्याच्या बाहेर आला की लोक त्याला चाकूचे पाते समजतात. रुग्णासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत ‘पात्याला गरम शेक द्यावा’ असे छापले, तर काय अनर्थ होईल हे मी सांगायला नको.

झाकण आणि केस यांची सरमिसळ ही केवळ मराठीची सवय नाही, हेही सांगावेसे वाटते. लॅटिनमध्ये ‘सिलियम’ हा शब्द आधी डोळ्याच्या झाकणाला होता आणि नंतर तो केसांवर घसरला. भुवईला जे ‘सुपरसिलियम’ म्हणतात त्याचा अर्थ ‘झाकणाच्या वरचे’ असाच आहे. लॅटिनमधील दुसरा शब्द ‘पाल्पेब्रा’ हा फडफडण्याच्या अर्थाशी जोडलेला आहे. आमच्या कागदांवर ‘ब्लेफरायटिस’ असे निदान असते; त्यातील ‘ब्लेफरॉन’ हा ग्रीक शब्द पाहणे या अर्थाच्या क्रियापदाच्या नात्यातला आहे. म्हणजे एकाने पापणीला वळताना पाहिले, दुसऱ्याने फडफडताना पाहिले, आणि तिसऱ्याला ती ज्या कामासाठी आहे ते काम दिसले. पापणीच्या आत जी टणक पट्टी असते तिला ‘टार्सस’ म्हणतात, आणि ग्रीक भाषेत तो शब्द चीज निथळत ठेवण्याच्या विणलेल्या चौकटीचा होता. वरच्या पापणीत ही पट्टी मध्यभागी सुमारे १० मिलिमीटर उंच असते आणि खालच्या पापणीत तिच्या जवळपास निम्मी. पापणी उलटून पाहताना ती आमच्या बोटाखाली स्पष्ट जाणवते. तिच्यात तेलकट स्राव करणाऱ्या ग्रंथींच्या उभ्या रांगा असतात. जर्मन वैद्य हाइनरिश माइबोम याने १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. रांजणवाडीचा एक प्रकार याच ग्रंथींमध्ये होतो, दुसरा केसांच्या मुळाशी. सुश्रुताच्या यादीत तिला ‘अंजननामिका’ म्हटले आहे.

मात्र दोन शब्द वेगळे हवेत, या मूळ आग्रहाशी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि त्यासाठी एकच आजार पुरेसा आहे. पूर्वी ज्याला खुपऱ्या म्हणत, त्या ट्रॅकोमात वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला बारीक दाणे येतात. सुश्रुताने ‘पोथकी’चे वर्णन करताना तांबड्या मोहरीसारख्या पुटकुळ्या, असेच म्हटले आहे. हा संसर्ग पुन:पुन्हा होत राहिला, की आतल्या बाजूला व्रण पडतात, ते आकसतात आणि पापणीची कड आत वळते. कड आत वळली की केस बुबुळाला घासू लागतात, आणि त्या घासण्याने बुबुळ पांढुरके होऊन दृष्टी जाते. भारतात ट्रॅकोमा ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु जुने व्रण घेऊन येणारे वयस्कर रुग्ण अजूनही येतात. त्यांच्या नातेवाइकांना समजावताना ‘पापणी आत वळल्यामुळे पापणी घासते’ असे म्हटले, तर ते नुसते तोंडाकडे पाहतात. आजार वर्त्माचा, घासणारे पक्ष्म, आणि शस्त्रक्रिया करायची ती वर्त्मावर. नुसता केस उपटला, तर काही आठवड्यांत तो पुन्हा तेथेच उगवतो.

उत्तर
शालाक्यतंत्राचे अध्यापक

तंत्रज्ञांनी दिलेल्या उदाहरणात एक भर घालतो. केस आत वळून टोचण्याच्या या विकाराला सुश्रुताने ‘पक्ष्मकोप’ असे नाव दिले आहे, म्हणजे कोप केसांचा. तरीही त्याची गणना त्याने वर्त्माच्या २१ रोगांत केली आहे, स्वतंत्रपणे केसांच्या रोगांत नव्हे. नाव लक्षणावरून आणि वर्गीकरण जागेवरून, असा हा विचार दिसतो. त्याच यादीत ‘वातहतवर्त्म’ असाही एक रोग आहे, ज्यात पापणी निश्चेष्ट होऊन मिटत नाही. ही पापणी मिटवणारा स्नायू सातव्या मज्जातंतूवर चालतो आणि ती उघडणारा तिसऱ्या, हे आज आपण जाणतो. म्हणूनच चेहऱ्याच्या एका बाजूचा अर्धांग झालेल्या रुग्णाचा डोळा झोपेतही उघडा राहतो.

प्रश्नकर्ता
मुद्रितशोधक, सोलापूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सर्व उत्तरे छापून वैद्यांच्या घरी घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. बाईंचे ‘पाते’ त्यांना अतिशय आवडले, परंतु ‘माझ्या दवाखान्यात येणारा माणूस पापणीच म्हणणार’ असे सांगून त्यांनी तंत्रज्ञांच्या बाजूने निकाल दिला. शेवटी शब्दार्थात ‘वर्त्म : पापणी, डोळ्याचे पाते’ आणि ‘पक्ष्म : पापणीचे केस’ असे छापायचे ठरले. शिवाय छांदोग्यातील तूप-पाण्याचे वाक्य दुसऱ्या प्रकरणाच्या आरंभी घ्यायचे त्यांनी स्वतःहून सुचवले, त्यामुळे ते प्रकरण आता अर्ध्या पानाने वाढले आहे आणि पुढील सर्व पृष्ठांक बदलावे लागणार आहेत.

आज सकाळी अंतिम मुद्रिते हाती आली. नव्या टंकात ‘र्त्म’ हे जोडाक्षर नीट बसत नसल्यामुळे ४१ व्या पानावर तीन ठिकाणी ‘वर्त्मरोग’ऐवजी ‘वर्मरोग’ असे उमटले आहे. या खेपेस मी ते ओळखले.